घाटातला तांबडा पट्टा कोण राखणार?

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट आपल्याला ठाऊक असतो तो वळणांसाठी, धुक्यासाठी आणि पावसाळ्यातल्या दरडींसाठी. जगभरचे भूशास्त्रज्ञ मात्र आंबेनळी हे एका खडकाचं नाव म्हणून ओळखतात. दख्खनच्या लाव्हाच्या राशीत त्यांनी जे थर वेगळे काढले, त्यांना नावं देताना सह्याद्रीतलीच गावं आणि घाट घेतले. जुन्याकडून नव्याकडे, म्हणजे खालून वर जावं, तर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी ही माळ लागते. शेवटचे तीन थर ज्या गटात मोडतात त्याला वाईचं नाव आहे. डायनोसॉर कशाने संपले यावर कुठल्याही देशात गंभीर शोधनिबंध लिहिला गेला, तरी त्यात यातली दोन-चार नावं येतातच. खुद्द पोलादपूर, वाई किंवा नेरळमधल्या किती घरांत ही गोष्ट पोचली आहे?

सप्टेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत भारतातल्या सात नैसर्गिक स्थळांची भर पडली. त्यांत उडुपीजवळची सेंट मेरी बेटं आहेत, मेघालयातल्या गुहा आहेत, केरळचे वर्कलाचे कडे आहेत, आणि पाचगणी-महाबळेश्वर इथले दख्खनचे लाव्हाथरही आहेत. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो तिथल्या जीवसृष्टीसाठी. आता विषय आहे ती जीवसृष्टी ज्यावर उभी आहे त्या खडकाचा. आपल्याकडे खडकाला वारसा म्हणायची सवय नाही. लेणी वारसा असतात, किल्ले वारसा असतात. ज्या पाषाणात ती लेणी कोरली आणि ज्या कड्यांवर ते किल्ले उभे राहिले, तो पाषाण गृहीत धरलेला असतो. म्हणूनच या यादीतल्या नोंदीकडे मी मोठी संधी म्हणून पाहतो.

आधी हा वारसा नेमका कशात आहे ते पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीतल्या भेगांमधून लाव्हा बाहेर पडू लागला. एक प्रवाह पसरायचा, थंड व्हायचा, मग काही काळ शांतता, मग दुसरा प्रवाह. असं काही लाख वर्षं चाललं. आज शिल्लक आहे तेवढाच भाग सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. महाबळेश्वरच्या बाजूला या राशीचा हजार-बाराशे मीटर उंचीचा छेद उघडा पडला आहे. आर्थर सीटवरून सावित्रीच्या खोऱ्याकडे बघताना समोरच्या डोंगरांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, ती प्रत्येक पायरी म्हणजे एक किंवा अनेक प्रवाहांची कडा. कठीण काळा पाषाण कड्यासारखा उभा राहतो. वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला भुसभुशीत भाग झिजून उतार होतो, त्यावर झाडी वाढते. कडा, झाडीची पट्टी, पुन्हा कडा, हे सह्याद्रीचं ओळखीचं रूप असं घडलं.

मात्र नुसत्या डोळ्यांना एक काळा थर दुसऱ्यासारखाच दिसतो. १९८०च्या दशकात भारतीय आणि परदेशी संशोधकांनी घाटरस्त्यांच्या कडेने दर काही मीटरवरचे नमुने घेतले आणि त्यांतली मूलद्रव्यं मोजली, तेव्हा थर वेगळे ओळखू येऊ लागले. मुंबईच्या आयआयटीतले के. व्ही. सुब्बाराव हे या कामातलं मोठं नाव. खुद्द महाबळेश्वरच्या छेदावर कॉक्स आणि हॉक्सवर्थ यांचा निबंध १९८५चा आहे. यातून कळलं ते विलक्षण होतं. बुशेचा लाव्हा वर येताना भूकवचात रेंगाळला होता, तिथल्या जुन्या खडकांची खूण त्याच्या रसायनात उतरली होती. आंबेनळीचा लाव्हा त्यामानाने निर्भेळ, खोलवरून आल्यासारखा. एकाच घाटात खालून वर जाताना आपण हा बदल पायांखाली घालत असतो.

आणि मग तो तांबडा पट्टा. सह्याद्रीतल्या घाटांमध्ये, रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे, दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी लाल रंगाची एक आडवी रेघ दिसते. कुठे ती चार बोटं जाड असते, कुठे कमरेएवढी. हात लावला तर बोटाला गेरूसारखा रंग लागतो, आणि नखाने उकरला तर तो खडक मऊ लागतो. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा पृष्ठभाग हवापाण्याने कुजला, त्यावर ज्वालामुखीची राख पडली, माती झाली. पुढच्या तापलेल्या प्रवाहाने ती भाजून काढली. म्हणजे ही रेघ शांततेच्या काळाची आहे. त्या राखेत कधी कधी झिरकॉन नावाच्या खनिजाचे अतिसूक्ष्म स्फटिक सापडतात. झिरकॉनमधल्या युरेनियमचं शिसं होत जाण्याचा वेग ठरलेला असल्याने त्यावरून वय काढता येतं. काळ्या बेसॉल्टमध्ये झिरकॉन क्वचितच मिळतो. त्यामुळे दख्खनच्या उद्रेकांचं घड्याळ या तांबड्या पट्ट्यांत आहे, असं म्हणायला हरकत नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. एका गटाने तांबड्या पट्ट्यांतल्या झिरकॉनवरून वयं काढली होती, दुसऱ्याने बेसॉल्टमधल्या फेल्डस्पारवरून, आर्गॉन वायूच्या पद्धतीने. पहिल्यांचं म्हणणं, उद्रेकाचा एक मोठा उमाळा मेक्सिकोजवळ अशनी आदळण्याच्या थोडा आधी आला होता. दुसऱ्यांचं म्हणणं, बहुतांश लाव्हा त्या आघातानंतर बाहेर पडला. डायनोसॉरांच्या अंतात दख्खनचा वाटा किती, हा प्रश्न या दोन उत्तरांमध्ये अडकलेला आहे. तो सोडवायला पुढची पिढी नवी यंत्रं घेऊन याच घाटांत, याच पट्ट्यांकडे परत येणार. तेव्हा पट्टे जागेवर असायला हवेत.

भूवारसा राखणं इतर निसर्ग राखण्यापेक्षा वेगळं आहे ते इथे. तोडलेलं जंगल, शंभर वर्षांनी का होईना, काही अंशी परत येऊ शकतं. फोडलेला थर येत नाही. आणि तो फोडणारे दरवेळी खाणवालेच असतात असंही नाही. रस्ता रुंद करणारा ठेकेदार दरडी थांबवण्यासाठी कापलेल्या भिंतीवर जाळी ठोकतो, काँक्रीट फवारतो. माणसांचे जीव वाचवायला ते करावंच लागतं, पण त्याखाली तांबडा पट्टा कायमचा दिसेनासा होतो. शास्त्रज्ञही निर्दोष नाहीत. खडकातलं पुराचुंबकत्व मोजण्यासाठी अडीच सेंटिमीटर व्यासाची गोल भोकं पाडून नमुने काढले जातात. जगात अनेक ठिकाणी चांगल्या कड्यांच्या दर्शनी भागावर या भोकांच्या रांगा उमटल्या आणि मग संशोधकांसाठीच आचारसंहिता लिहायची वेळ आली.

आपल्याकडे कायद्याची बाजू लंगडी आहे. पुरातन वास्तूंसाठी १९५८चा कायदा आहे, वन्यजीवांसाठी १९७२चा, जैवविविधतेसाठी २००२चा. खडक, जीवाश्म किंवा भूरूप यांच्यासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण 'राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक' असा दर्जा देतं. तो मानाचा आहे, पण त्यामागे कायद्याचा दंडुका नाही. डिसेंबर २०२२ मध्ये खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. सगळे अधिकार एकाच खात्याच्या हाती जातात, राज्यांना आणि स्थानिकांना फारसं स्थान नाही, अशी टीका त्यावर झाली. ती मला रास्त वाटते. मसुद्याचा कायदा काही झाला नाही.

लोणार बघा. बेसॉल्टच्या पठारावर अशनी आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर. पृथ्वीवर बेसॉल्टमधली आघातविवरं मोजकीच आहेत आणि त्यांतलं हे सर्वांत चांगलं टिकलेलं, म्हणून चंद्र आणि मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ इथे येतात. त्याच्या वयाचा वाद मोठा आहे. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं येतात, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. इतकं महत्त्वाचं स्थळ, पण त्याला कायद्याचं खरं कवच कशामुळे मिळालं? काठावरच्या आणि आतल्या देवळांमुळे पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आलं. पक्षी आणि झाडीमुळे ते अभयारण्य झालं. खाऱ्या पाण्याच्या तळ्यामुळे नोव्हेंबर २०२०मध्ये ते रामसर स्थळ झालं. आघात, म्हणजे ज्यामुळे लोणार लोणार आहे, त्याच्या नावाने मिळाला तो फक्त स्मारकाचा दर्जा. याचा परिणाम जमिनीवर दिसतो. आघाताच्या वेळी बाहेर उडालेला चुरा विवराच्या काठापासून सुमारे १३५० मीटरपर्यंत चादरीसारखा पसरला आहे. शास्त्राच्या दृष्टीने तो विवराइतकाच मोलाचा. पण तो आहे अभयारण्याच्या हद्दीबाहेर, शेतांखाली आणि वस्तीखाली. ज्याच्या शेतात तो आहे त्या शेतकऱ्याला विश्वासात घेतल्याशिवाय हा चुरा कुणीच राखू शकत नाही.

अंधेरीतला गिल्बर्ट हिल हे दुसरं टोक. सुमारे ६१ मीटर उंचीचा, उभ्या खांबांसारख्या पाषाणाचा हा सुळका. खांब तयार झाले ते लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे. भोवतालचा दगड वर्षानुवर्षं खाणीत गेला, मग इमारती आल्या. २००७ साली महापालिकेने त्याला वारसा वास्तूंच्या दुसऱ्या श्रेणीत घेतलं तोवर उरला होता तो एकटा सुळका, माथ्यावर गावदेवीचं देऊळ घेऊन. देवळामुळेच तो उरला असावा, असं मला वाटत आलं आहे. गावदेवीच्या श्रद्धेने जे केलं ते नियमांना फार उशिरा सुचलं.

जगाने यावर काय केलं हे बघायला फ्रान्समधल्या दिन्य-ले-बाँ या डोंगराळ गावी जावं लागतं. तिथे एका तिरप्या शिळेवर दीडेक हजार अॅमोनाइट, म्हणजे शंखासारख्या सागरी प्राण्यांचे जीवाश्म, एकत्र दिसतात. काहींचा व्यास परातीएवढा आहे. तिथल्या भागाला १९८४ साली भूवैज्ञानिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि १९९१ साली देशोदेशींच्या तज्ज्ञांनी तिथेच जमून पृथ्वीच्या स्मृतीच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. पुढच्या दशकात एक गोष्ट लक्षात आली की नुसत्या राखीव क्षेत्राने गावं ओस पडायची थांबत नाहीत. तरुण बाहेर जातात, आणि उरलेल्यांना ही राखण सरकारची वाटते. मग २०००मध्ये फ्रान्स, ग्रीस, जर्मनी आणि स्पेनमधल्या चार भागांनी मिळून युरोपीय जिओपार्कांचं जाळं उभं केलं. २०१५च्या नोव्हेंबरात युनेस्कोने 'जागतिक जिओपार्क' हा आपला अधिकृत दर्जा केला. एप्रिल २०२५ मध्ये ५० देशांत असे २२९ जिओपार्क होते. सर्वांत जास्त चीनमध्ये. मलेशिया, इंडोनेशिया, व्हिएतनाम, थायलंड या सगळ्यांकडे आहेत. भारतात एकही नाही.

जिओपार्क म्हणजे कुंपण घातलेली बाग नव्हे. गावं, शेतं, रस्ते, देवळं यांच्यासकट एक अख्खा प्रदेश त्यात येतो. त्यातल्या मोक्याच्या भूस्थळांना मात्र त्या देशाच्या किंवा प्रदेशाच्या कायद्याचं संरक्षण असावंच लागतं. कारभार पाहणारी एक संस्था लागते, तिच्यात स्थानिकांना स्थान लागतं, आणि अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष हे सगळं प्रत्यक्ष चाललेलं असावं लागतं. दर चार वर्षांनी तपासणी होते. ठीक असेल तर हिरवं कार्ड. त्रुटी असतील तर पिवळं, म्हणजे दोन वर्षांची मुदत. तेवढ्यात सुधारणा झाली नाही तर लाल, आणि दर्जा गेला. आपल्याकडे एकदा मिळालेला दर्जा सहसा कुणी परत घेत नाही, म्हणून हा नियम मला सर्वांत आवडतो.

आणखी एक अट महाराष्ट्राला थेट भिडते. जिओपार्क चालवणाऱ्यांना जीवाश्म, खनिजं, खडकांचे तुकडे यांच्या विक्रीत भाग घेता येत नाही. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइटचे देखणे स्फटिक वाढतात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतला निळाभोर कॅव्हान्साइट, पाषाणच्या डोंगरातला हिरवा अॅपोफिलाइट हे जगभरच्या संग्राहकांचे लाडके आहेत. त्यांतला बराचसा माल परदेशी गेला. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयाने काही इथे ठेवला हे आपलं भाग्य. खाणीत सुरुंग लागल्यावर फुटणारा स्फटिक तिथला कामगार वाचवतो, हेही खरं आहे. खडी होऊन जाण्यापेक्षा तो कुणाच्या तरी कपाटात असलेला बरा. पण डोंगरात उघड्यावर असलेली पोकळी छिन्नीने रिकामी करून विकणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि भूपर्यटन सुरू झालं की पहिली दुकानं तीच निघतात. ही अट पहिल्या दिवसापासून पाळली पाहिजे.

ग्रीसच्या लेसव्होस बेटावर जे झालं ते मला घाटरस्त्यांच्या संदर्भात फार मोलाचं वाटतं. तिथे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचं, ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं आणि दगड झालेलं जंगल आहे. १९८५ साली ते संरक्षित झालं, १९९४ साली सिग्री गावात त्याचं संग्रहालय उभं राहिलं. पुढे सिग्रीकडे जाणारा नवा रस्ता बांधायला घेतला, तेव्हा खोदकामात अश्मीभूत झाडं निघू लागली. संग्रहालयाची माणसं रस्त्याच्या कामावर हजर होती, म्हणून ती झाडं तिथल्या तिथे उकरून वाचवली गेली. २०२१मध्ये मुळं-फांद्यांसह जवळपास १९.५ मीटर लांबीचं एक झाड त्यातच मिळालं. रस्ता झाला आणि झाडंही राहिली. बेटावरच्या महिलांच्या सहकारी संस्था स्थानिक मुरंबे, चीज, पेस्ट्री बनवून याच पर्यटकांना विकतात. आंबेनळीत किंवा वरंधा घाटात पुढच्या वेळी डोंगर कापायचा असेल, तर कामावर एक भूशास्त्रज्ञ ठेवायला आणि दरडीचा धोका नसलेला दहा-वीस मीटरचा तुकडा जाळीशिवाय उघडा सोडायला असा किती खर्च येईल?

नुसती गर्दी आणणं म्हणजे भूपर्यटन नाही, हे उत्तर आयर्लंडमधल्या जायंट्स कॉजवेवर दिसतं. तिथेही बेसॉल्टचेच खांब आहेत, सुमारे ४० हजार, आणि १९८६पासून तो जागतिक वारसा आहे. प्रेमाची किंवा नशिबाची खूण म्हणून पर्यटक खांबांमधल्या फटींत नाणी ठोकून बसवू लागले. समुद्राच्या खाऱ्या हवेत नाणं गंजतं, गंजताना फुगतं, आणि फुगताना खांबाची कड फोडतं. वर हिरवट-तपकिरी ओघळ येतात ते वेगळेच. २०२५मध्ये तिथल्या नॅशनल ट्रस्टने लोकांना हे थांबवण्याची विनंती केली. सगळी नाणी काढायला ३० हजार पौंडांहून जास्त खर्च येईल असा अंदाज होता. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. एकेक नाणं किरकोळ होतं. नदी दिसली की पुलावरून नाणं टाकणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगणं अवघड जाऊ नये, पण ते कुणीतरी जागेवर उभं राहून सांगावं लागेल. ते सांगणारा माणूस स्थानिकच हवा.

असं सांगणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. कास पठार हे त्याचं उदाहरण, जरी आपण त्याला फुलांचं पठार म्हणत असलो तरी. कासची फुलं जांभ्यामुळे आहेत. लाखो वर्षांच्या पावसाने बेसॉल्टमधली सिलिका, चुना, मॅग्नेशियम धुऊन नेलं, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा जांभा झाला. त्यावर मातीचा पापुद्रा जेमतेम, पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात भट्टी तापते. झाड धरत नाही. म्हणून तिथे गेंद, तेरडा अशी हंगामी फुलं येतात. सीतेची आसवं ही वनस्पती तर कीटक धरून पोट भरते, कारण त्या जमिनीत नायट्रोजन पुरेसा नाही. फुलावर थांबलेल्या पर्यटकाला त्याखालचा दगड दाखवला की त्याची नजरच बदलते. कोल्हापूर जिल्ह्यात असेच सडे बॉक्साइटच्या खाणींत गेले.

कासवर गर्दी लोटू लागली तेव्हा आजूबाजूच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी कारभार हाती घेतला. शुल्क, ऑनलाइन नोंदणी, दिवसाला तीन हजारांची मर्यादा, वाहनतळ, मार्गदर्शक, कचरा हे सगळं गावातली माणसं बघू लागली आणि हंगामात त्यांना रोजगार मिळाला. चुकाही झाल्या. रक्षणासाठी लोखंडी कुंपण घातलं. त्याने गुरांची ये-जा थांबली, गवत माजलं, फुलं दबली अशी तक्रार आली आणि शेवटी ते कुंपण काढावं लागलं. चराई हा त्या पठाराच्या घडणीचा भाग होता, हे गावकऱ्यांना आधीपासून माहीत होतं. कोकणातल्या सड्यांवरही हेच दिसतं. जांभ्यावर कोरलेली कातळशिल्पं २०२२मध्ये संभाव्य यादीत गेली. काही ठिकाणी गावकऱ्यांनी स्वतः चिऱ्याचा गडगा घालून ती आधीच जपली होती. त्याच चिऱ्यावर अनेकांचं पोट आहे. म्हणून चिरेखाण कुठे चालेल आणि कुठे नाही, हे त्यांच्यासोबत बसूनच ठरवावं लागतं.

आता महाबळेश्वर. २००१पासून महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तरी बांधकामाचा रेटा सर्वांना दिसतो. पर्यटक येतात ते पॉइंटांवर, मक्याचं कणीस खातात, फोटो काढतात, केट्स पॉइंटचं नीडल होल बघतात. झिजेने खडकात आरपार भोक कसं पडलं, हे तिथे विचारणारा कमी आणि सांगणारा त्याहून कमी. टेबल लँडवर घोड्यांची रपेट होते ती जांभ्याच्या पठारावर. पण हाच जांभा वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस जिरवतो, आणि तो पाझरून खालच्या घट्ट थरांवर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री यांचं पंचगंगेच्या देवळातलं उगमस्थान या भूशास्त्राचंच फळ आहे. २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या स्ट्रॉबेरीलाही पाणी देतं ते हेच झरे आणि विहिरी. माथ्यावर सिमेंट वाढलं की झरा आटतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. तिथला शेतकरी सांगेल. त्यामुळे इथे भूवारसा राखण्याची सुरुवात झऱ्यांच्या नोंदीने व्हावी. खडकाच्या वयात ज्याला रस नाही त्यालाही पाण्यात असतो.

टॅक्सीचालक, घोडेवाले, स्ट्रॉबेरीचे शेतकरी आणि घाटातल्या वाड्यांमधले तरुण या चौघांना मार्गदर्शकाचं रीतसर शिक्षण देता येईल. एक तांबडा पट्टा, एक स्तंभाकृती पाषाण, एक स्फटिकांची पोकळी, एक झरा, एवढं दाखवता आणि समजावता आलं तरी अर्ध्या दिवसाची उत्तम सहल होते. शुल्क जिल्ह्याच्या तिजोरीत न जाता कारभार करणाऱ्या गावांकडे राहिलं पाहिजे. सह्याद्रीतल्याच साम्रद गावच्या लोकांनी सांदण दरीच्या वाटेवर जेवण, मुक्काम, वाटाड्या अशी सोय स्वतःच्या बळावर उभी केली आहे. त्यांना मिळालं नाही ते शास्त्राचं पाठबळ. पावसाळ्यात दरी का बंद ठेवायची, पाणी वरून कधी आणि कसं येतं, हे समजून सांगणारा फलकसुद्धा जीव वाचवतो.

जागतिक वारशाच्या नियमानुसार संभाव्य यादीत नाव गेल्यावर नामांकन पाठवण्याआधी किमान एक वर्ष जावं लागतं, आणि नैसर्गिक स्थळांची छाननी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटना करते. राखण कोण करणार, कशी करणार, हद्द कुठवर, हे सगळं प्रस्तावात लिहून द्यावं लागतं. इथे मला हद्दीची काळजी आहे. प्रस्तावाला नाव माथ्यावरच्या दोन गिरिस्थानांचं आहे, आणि माथ्यावर हॉटेलं आहेत, आवाज आहे, ओळखी आहेत. लाव्हाच्या थरांचा क्रम मात्र घाट उतरून पोलादपूरपर्यंत गेल्याशिवाय पुरा होत नाही, आणि तिथे सातारा संपून रायगड जिल्हा लागतो. दोन जिल्ह्यांची कार्यालयं, वनखातं, सार्वजनिक बांधकाम खातं आणि घाटाखालच्या ग्रामपंचायती एका टेबलाशी बसल्या तरच हा छेद अखंड राहील. नामांकनाचा कच्चा नकाशा तयार होईल तेव्हा तो मराठीत, ग्रामसभेत, हद्द कायम होण्याआधी मांडला गेला पाहिजे, आणि ज्या गावाचं नाव जगभरच्या शोधनिबंधांत आहे त्या पोलादपूरच्या लोकांना त्यात फेरफार सुचवायचा अधिकार असला पाहिजे.